नयन केणेचा डावा स्पीकर

नयन केणेला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेच्या गॅदरिंगला. मी कल्याणजवळ शहाडच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि त्याची बायको दिशा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. त्या वर्षी साउंडवाला ऐन वेळी आला नाही, म्हणून दिशाने नवऱ्याला बोलावून घेतलं. तो आला, स्टेजच्या कडेला स्पीकरच्या मोठ्या बॉक्सशेजारी मिक्सर लावून उभा राहिला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथून हलला नाही. मुलांचे नाच झाले, भाषणं झाली, बक्षिसं झाली. माइकने एकदाही शिटी मारली नाही. जाताना मी म्हटलं, "छान झालं हो सगळं." तो म्हणाला, "मी काय केलं मॅडम, नुसता उभा होतो."

नयन शहाडजवळच्या मोहन्याचा. वडील मारुती रेयॉनच्या कारखान्यात कामाला होते. कारखाना बंद झाल्यावर ते घरी बसले, फारसे कुणाशी बोलेनासे झाले आणि काही वर्षांनी गेले. तोवर घर नयनवर आलेलं. विशीत तो लग्नात वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवायला लागला, पुढे स्वतःचे बॉक्स घेतले आणि हळदी-साखरपुड्यांची साउंडची कामं धरली. कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत लग्नसराईत त्याला एक दिवस मोकळा मिळायचा नाही.

त्याची आई सखुबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात आणि ते गाणाऱ्या बाईला धवलारीण. एका बाईने ओळ सोडायची, दुसरीने उचलायची. सखुबाईंची जोडीदारीण विमलाबाई, त्याच आळीतल्या. दोघींनी अर्ध्या तालुक्याची लग्नं गाऊन लावलेली.

कित्येक लग्नांत आई आत मांडवात धवला गात असायची आणि मुलगा बाहेर अंगणात बॉक्स वाजवत असायचा. आत आईने सूर लावला की नयन बाहेर आवाज पाडायचा. पोरं ओरडायची, "ए नयनदा, बंद का केला?" एखादा पाहुणा येऊन दटावायचा. मग तो आवाज परत वर न्यायचा आणि आतलं गाणं बुडून जायचं. सखुबाईंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. दिशा सांगायची, की घरी आल्यावर तोच जेवताना मान वर करायचा नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने ठरवलं, की आता हे पुरे. नवी पोरं मोठमोठे सेटअप घेऊन उतरली होती, पायही दुखायला लागले होते. घराच्या मागच्या खोलीत छोटा स्टुडिओ करायचा, गावोगावच्या गाणाऱ्यांची हळदीची गाणी रेकॉर्ड करायची आणि यूट्यूबवर टाकायला तयार करून द्यायची, असा त्याचा बेत होता. माइक होता, कॉम्प्युटर होता, आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी छोटी पेटीही घेतली. आणखी एक गोष्ट त्याच्या मनात होती, ती त्याने फक्त दिशाला सांगितली. आईचे धवले सगळेच्या सगळे, नीट, बाहेरच्या कुठल्याही आवाजाशिवाय रेकॉर्ड करायचे होते. सखुबाई सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. त्यांना दम लागायचा.

सुरुवातीला तो हेडफोनवर काम करायचा. पण हेडफोनची डावी बाजू दबल्यासारखी वाटायची. वायर खराब झाली असेल म्हणून त्याने दुसरा घेतला. महिन्याभरात त्याचीही डावी बाजू दबली. तो वैतागला. "स्वस्तातला माल असलाच," म्हणाला, आणि आता स्टुडिओ मॉनिटरच घ्यायचे असं ठरवून टाकलं.

मला मॉनिटर म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा एवढंच माहीत होतं. दिशाने डबा खाताना समजावून सांगितलं. घरातले स्पीकर गाणं गोड करून ऐकवतात, ढोलकी फुगवतात. मॉनिटर तसं करत नाहीत. जे रेकॉर्ड झालंय तेच आणि तेवढंच ऐकवतात, म्हणून त्यावर काम केलेलं गाणं मोबाइलवरही बरं लागतं आणि गाडीतही.

"सगळं घर सध्या तेच बोलतंय गं," ती म्हणाली. "हे जेवताना पण व्हिडिओ बघतात. कोण म्हणतं पाच इंची घ्या, कोण म्हणतं आठ इंची. माझं डोकं पिकलंय."

नयनला आठ इंची हवे होते. सगळी उमर मोठ्या बॉक्सवर गेलेली, लहान स्पीकर त्याला खेळणं वाटायचे. जुने बॉक्स विकून टाकले होते, त्यामुळे बेताच्या किमतीत एक जोडी नक्की बसत होती. ठाण्यात कोपरीला स्वानंद नावाच्या एकाचं दुकान होतं, माइक-स्पीकर विकायचं. स्वानंद स्वतःही गाणी मिक्स करायचा. एका रविवारी दोघं नवरा-बायको तिथे गेले.

स्वानंदने आधी खोलीची विचारपूस केली. किती मोठी, खिडकी कुठे, भिंत कशाची. मग म्हणाला, "नयनदादा, एवढ्याशा खोलीत आठ इंची लावलेत तर भिंती वाजतील, गाणं नाही वाजणार. बेस सगळा कोपऱ्यात साचेल आणि तुम्हाला वाटेल गाण्यातच जास्त आहे. तुम्ही कापाल, आणि बाहेर गाणं पोकळ होईल. पाच इंची न्या. भिंतीपासून थोडे पुढे ठेवा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं, तिघांत सारखं अंतर ठेवायचं."

"आणि ऐकून कशावर घेऊ?"

"जे गाणं तुम्हाला झोपेत पण पाठ आहे ना, ते लावा. नव्या गाण्यावर स्पीकर घ्यायचा नसतो."

नयनने मोबाइल काढला. त्यात सखुबाईंचा ओट्यावर बसून गायलेला एक धवला होता. दुकानाच्या आतल्या खोलीत तीन जोड्या मांडल्या होत्या, त्या एकेक करून लावल्या. पहिली त्याला कर्कश वाटली. दुसरीत आवाज घुमत होता. तिसरीवर आईचा आवाज आला तसा तो पुढे सरकला. ओळ संपताना सखुबाई श्वास घ्यायच्या तो श्वाससुद्धा ऐकू येत होता, असं दिशा म्हणाली. पण नयन कपाळाला आठी घालून बसला होता.

"डावा जरा दबतोय का रे?" त्याने विचारलं.

स्वानंदने कान दिला. "नाही वाटत. आवाज मधोमध येतोय."

"मला उजवीकडे सरकल्यासारखा येतोय."

"या खोलीत डाव्या बाजूला कपाट आहे ना, त्यामुळे होत असेल. घरी लावून बघा. नाही पटलं तर आणून द्या, बदलून देतो."

ती जोडी घरी आली. खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, टेबल नीट मध्यावर घेतलं होतं. नयनने टेपने अंतरं मोजून स्पीकर ठेवले. तरी डावा दबतच होता. स्वानंदने शब्द पाळला, जोडी बदलून दिली. दुसऱ्या जोडीचाही डावा दबला.

"तुला काय ऐकू येतं?" त्याने दिशाला विचारलं.

"दोन्ही सारखेच आहेत."

"नीट ऐक."

"अहो, नीटच ऐकतेय. सारखेच आहेत."

"तुला कळत नाही त्यातलं," तो म्हणाला, आणि दिशा उठून स्वयंपाकघरात गेली.

पुढचं तिने दारातून पाहिलं. दुपार होती. नयनने मागच्या वायरी काढून उलट्या लावल्या, डाव्याची उजवीकडे आणि उजव्याची डावीकडे. आईचं गाणं लावलं. मग स्पीकरच उचलून त्यांच्या जागा बदलल्या. परत गाणं लावलं. दोन्ही वेळा त्याची मान डावीकडेच वळली. शेवटी त्याने खुर्ची फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून दाराकडे तोंड करून बसला. गाणं चालू होतं. दिशा समोर उभी होती, पण तो तिच्याकडे बघत नव्हता.

"आता उजवा दबतोय," तो म्हणाला.

एवढं बोलून त्याने गाणं बंद केलं. स्पीकर दोन्ही चांगले होते.

कल्याणच्या कानाच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. बारीक, उंच आवाज डाव्या कानाला जवळपास येतच नव्हते. उजवाही त्याच वाटेवर होता, फक्त मागे होता. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता. नयनने सांगितलं. "उभे कुठे राहायचात?" नयनने हाताने दाखवलं. बॉक्स नेहमी त्याच्या डाव्या हाताला असायचा, कारण मिक्सरची वायर तेवढीच लांब होती. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. आहे ते जपा. मशीन लावता येईल, बोलणं समजायला त्याची मदत होईल.

"आणि गाणं?" नयनने विचारलं.

डॉक्टरांनी तपासणीचा कागद घडी करून त्याला दिला. मग म्हणाले, "गाण्याचं वेगळं असतं."

त्याने ही गोष्ट दिशाशिवाय कुणाला सांगितली नाही. दिशाने मला सांगितली तीही बऱ्याच महिन्यांनी, जेव्हा लपवण्यासारखं फार उरलं नव्हतं. मधल्या काळात त्याने स्टुडिओ चालू केला होता. डोंबिवलीची संचिता नावाची एक गाणारी मुलगी त्याच्याकडे गाणं घेऊन आली. नयनने रात्रंदिवस खपून ते तयार केलं. त्याला झांजा कमी वाटत होत्या म्हणून त्याने डावीकडून त्या वाढवल्या, 'स' आणि 'श' पुसट वाटत होते म्हणून तेही उचलले. संचिताने गाणं गाडीत लावलं आणि तिला कान झाकावे लागले. ती भांडली नाही. "दादा, मी जरा दुसरीकडून करून घेते हां," एवढंच बोलली आणि रेकॉर्डिंग घेऊन गेली. तिच्यामागून येणारी दोघं-तिघंही मग आली नाहीत. असल्या गोष्टी कुणी मुद्दाम पसरवत नाही, पण गाणाऱ्यांत त्या पोचतात.

नयनने खोलीला कुलूप लावलं असतं. पण आईचं काम राहिलं होतं. आवाज नुसता रेकॉर्ड करून ठेवायला कान तेवढा लागत नाही. माइक नीट ठेवला आणि कॉम्प्युटरवर आवाज दाखवणारी पट्टी लाल झाली नाही म्हणजे झालं. पुढची कारागिरी नंतर बघता येते. थंडीचे दिवस होते, सखुबाईंना त्या दिवसांत दम कमी लागायचा. त्याने आईला आणि विमलाबाईंना दुपारी मागच्या खोलीत आणून बसवलं.

सखुबाईंनी खोलीभर नजर फिरवली, गोधड्या बघितल्या, माइककडे बघितलं आणि म्हणाल्या, "मांडव नाय, नवरी नाय. मंग गाऊ कोनाला?"

"माइकला गा, आये."

"त्याचा काय लगीन हाय?"

विमलाबाई हसल्या, पण सखुबाई खरंच गाईनात. दोन दुपारी तशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी दिशा शाळेतून आली, हातपाय धुतले आणि पाट घेऊन दोघींच्या समोर जाऊन बसली, पदर डोक्यावर घेऊन. "मी आहे नवरी," ती म्हणाली. "गा." लग्नाला वीस वर्षं झालेली बाई, केसांत पांढरे धागे. सखुबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मांडवाचा धवला सुरू केला. विमलाबाईंनी ओळ उचलली. त्या थंडीत दिशाचं रोज दुपारी लग्न लागत होतं. "माझ्या खऱ्या लग्नात पण एवढे धवले नव्हते झाले," ती मला म्हणायची.

एके दिवशी विमलाबाई लवकर घरी गेल्या. नयन वायरी गुंडाळत होता. सखुबाई म्हणाल्या, "तुना डाव्या कानानी कमी ऐकू येतंय ना?"

त्याने मान वर केली. "कोन बोलला तुना?"

"कोन कशाला बोलंल? मी तुज्या डाव्या बाजूला बसतच नाय आता. दोन-तीन सालां झायली."

"मंग बोलली कशी नाय?"

"काय बोलू? तू रोज कामाला जायचास." त्यांनी गुडघ्यावर हात टेकले. "आनि त्या कामाची भाकर मी पन खाल्ली."

त्यानंतर दिशाने त्याला कितीतरी वेळ मोरीचा नळ चालू ठेवून तोंड धुताना पाहिलं.

होळीच्या आत बहुतेक धवले रेकॉर्ड झाले. पाठवणीचे राहिले होते. ते शेवटी गायचे असतात, आधी गायचे नाहीत, असं सखुबाईंचं म्हणणं. एप्रिलमध्ये एका सकाळी चहाची बशी त्यांच्या हातातून सुटली. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. शब्द यायचे ते दुसरेच यायचे. पाण्याला दार म्हणायच्या, नयनला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारायच्या. दवाखान्यातून घरी आणल्यावर विमलाबाई रोज त्यांच्याजवळ येऊन बसायच्या. एकदा त्यांनी हळूच एक ओळ सोडली. सखुबाईंचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. विमलाबाईंनी मग पुन्हा तसं केलं नाही. पावसाळा संपायच्या आत सखुबाई गेल्या.

तेरावं झाल्यावर नयन मागच्या खोलीत बसायला लागला. रेकॉर्ड केलेले धवले नीट करायचे होते. खोकला काढायचा, दोघींचे आवाज सारखे करायचे, मागची पंख्याची घरघर कमी करायची. तो थोडं करायचा आणि दिशाला बोलवायचा. "आता बघ. झालं जास्त?" दिशा म्हणायची, "थोडं जास्त." तो कमी करायचा. "आता?" "आता कमी वाटतंय." दोघांचाही धीर संपायचा. दिशाला काय ऐकू येतंय ते सांगायला शब्द नव्हते आणि नयनला शब्द होते पण ऐकू येत नव्हतं. एकदा ती चिडून म्हणाली, "मला नाही जमत हे, मला रडू येतं. त्या समोर बसल्यासारख्या वाटतात." त्यानंतर त्याने तिला बोलावलं नाही.

शेवटी तो सगळी रेकॉर्डिंग घेऊन कोपरीला गेला. स्वानंदला कानाचं सांगितलं. स्वानंद बिचारा ओशाळला, जणू चूक त्याचीच होती. "तेव्हा मी कपाटाचं म्हटलं," तो पुटपुटला.

"तू काय करणार," नयन म्हणाला. "स्पीकर चांगले दिलेस तू. माझी आई कर नीट. घाई नाही."

स्वानंदने ते काम मनापासून केलं. दिशाने मला एक धवला ऐकवला, शाळा सुटल्यावर, रिकाम्या ऑफिसात. मला त्यातलं काही कळत नाही, पण दोन बायका समोर बसून एकमेकींच्या तोंडची ओळ घेताहेत, एवढं मला दिसल्यासारखं झालं. मी विचारलं, "नयनला आवडलं?"

"ते ऐकतात," दिशा म्हणाली. "पण म्हणतात, आई तोतरी झाल्यासारखी वाटते. तिचे 'स' येत नाहीत मला. मी म्हटलं, आहेत हो, सगळे आहेत. म्हणाले, असतील."

स्पीकर त्यांनी विकले. टिटवाळ्याचा कुणी मुलगा घेऊन गेला. मागची खोली आता एका शिवणकाम करणाऱ्या बाईला भाड्याने दिली आहे. नयन एका डेकोरेशनवाल्याकडे लायटिंगचं काम बघतो. मशीन लावतो, बोलणं ऐकू येतं, पण हळदीला वाजायला लागलं की काढून खिशात ठेवतो.

यंदा वैशाखात त्याच्या पुतणीचं, जागृतीचं लग्न झालं. दिशाने मलाही बोलावलं होतं. मांडवात धवला गायला विमलाबाई आल्या होत्या. जोडीला कुणी नव्हतं. त्या स्वतःच ओळ सोडायच्या आणि स्वतःच उचलायच्या. कुणीतरी नयनला म्हणालं, "सखुकाकीचं रेकॉर्डिंग आहे ना, लाव की. जोड मिळेल." नयन म्हणाला, "नको. ते असं लावायचं नाही."

पाठवणीच्या वेळी विमलाबाई मध्येच थांबल्या. पुढची ओळ आठवेना. त्यांनी मागची ओळ पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच अडल्या. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तरुण पोरींना त्यातलं काही येत नव्हतं. जागृती पदराआडून वर बघत होती. नयन खांबाजवळ दिव्यांच्या माळा उतरवत होता. विमलाबाईंचे ओठ त्याच ओळीवर दोनदा थांबलेले त्याला दिसले असावेत. तो चार पावलं पुढे आला आणि न गाता, नुसती बोलून, ती ओळ सांगितली. पुरुष धवला म्हणत नाहीत. एक-दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. विमलाबाईंनी ओळ घेतली आणि पुढे गेल्या. पुढच्या ओळीलाही त्या अडल्या, त्याने तीही सांगितली. असं करत धवला संपला.

नवरीची गाडी गेल्यावर विमलाबाई खुर्चीत बसल्या होत्या. नयन त्यांच्याजवळ पाणी घेऊन गेला.

"बरोबर गायली का रं मी?" त्यांनी विचारलं.

"बरोबर गायली," तो म्हणाला.

माझ्या शेजारी उभी असलेली दिशा हळू आवाजात म्हणाली, "यांनी मशीन काढून ठेवलंय. यांना गाण्यातलं काही ऐकू आलं नसेल."

विमलाबाईंनी पाणी पिऊन ग्लास परत दिला. "या सालापासना मी जानार नाय कुठं," त्या म्हणाल्या. "सांगून ठेव सगल्यांना." नयनने नुसती मान हलवली आणि राहिलेल्या माळा उतरवायला परत शिडीवर चढला.